मारोतरावांचा उजवा खांदा

माझ्या हातचं एकच चित्र आजवर प्रदर्शनात लागलं, आणि तेही अर्धंच माझं होतं. दुसरं अर्धं दहा वर्षांच्या एका मुलीचं. लोक बघायला आले ते तिचं अर्धं. माझं अर्धं कशाला आलं, ते सांगतो.

एकतीस वर्षं मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. 'शिकवलं' हा शब्द मी सवयीनं वापरतो. खरं म्हणजे मी खोडलं. माझं नाव विश्वनाथ पांढरीपांडे, पण पोरं मला 'खोडरबर सर' म्हणायची आणि मला वाटायचं, प्रेमानं म्हणतात. माझ्या शर्टाच्या खिशात एक एचबी आणि एक फोरबी पेन्सिल असे, हातात खोडरबर आणि विजारीच्या खिशात चहाचा एक चमचा. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटे, मी डबा फार खातो.

चमचा फुलदाणीसाठी होता. ग्रेड परीक्षेत फुलदाणी यायची, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी हवी. त्याची युक्ती अशी, की कागदावर मधोमध उभी रेघ मारायची, फोरबीनं अर्धीच फुलदाणी गडद काढायची, कागद त्या रेघेवर मोडायचा आणि पाठीमागून चमच्यानं घासायचं. उलगडला की पलीकडे दुसरी अर्धी फिकट उमटलेली असते. तिच्यावरून पेन्सिल फिरवली की झाली फुलदाणी. या चमच्यावर मी हजारभर पोरं एलिमेंटरी पास केली. हळूहळू माझी अशी समजूत झाली, की जे मधोमध मोडून सारखं येत नाही ते चुकलेलं. फुलपाखराला मी हेच लावलं. एका वर्षी गणपतीला लावलं, तर सोंड सरळ खाली लोंबली आणि मोदक दोन्ही हातांत आले. मुख्याध्यापकांनी तो गणपती हॉलमध्ये लावला, त्यामुळे माझी समजूत आणखी पक्की झाली.

एकोणीसशे एकोणसत्तर साली पाचवीच्या वर्गात गोपिका नावाची मुलगी होती. वडील मारोती, इतवारीच्या धान्यबाजारात हमाल. आज मी त्यांना मारोतराव म्हणतो. मुलीचं नाव दिल्लीच्या पेपरात छापून आल्यावर मी 'राव' लावायला सुरुवात केली, हेही सांगून टाकतो.

मी वर्गाला घरून चित्र काढून आणायला सांगितलं, विषय 'माझे घर'. बावन्न पोरांनी दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक नदी आणि एक झोपडी आणली. नागपुरात डोंगर म्हणावा असा एक सीताबर्डीचा किल्ला, पण ते असो. डोंगर मीच शिकवले होते. त्रेपन्नाव्या गोपिकेनं एका माणसाची पाठ आणली. वडील संध्याकाळी बाजारातून येत, अंघोळ करून उघड्या अंगानं उंबऱ्यावर गल्लीकडे तोंड करून बसत, आणि ही मागे बसून अभ्यास करायची. तिला घर म्हटलं की तेच दिसलं असणार.

ते चित्र साध्या पेन्सिलीचं होतं. मी हातात घेतलं, आणि मला सगळ्यात आधी काय दिसलं, तर उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. बाकी काही दिसलंच नाही. मी कागद उलटा केला आणि मागे लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'दहापैकी सहा. खांदे समान नाहीत. पुन्हा काढा.'

"सर, बाबाचा तसाच आहे," ती म्हणाली.

"बाबाचा कसा आहे ते मला सांगू नको. चित्रात कसा पाहिजे ते पाहा," मी म्हणालो. हे वाक्य त्या काळी मला फार आवडलं होतं. दोनतीनदा स्टाफरूममध्येही म्हणून दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात शहरातल्या शाळांची चित्रकला स्पर्धा होती. प्रत्येक वर्गाचं एक चित्र पाठवायचं होतं. पाचवीचे डोंगर आधीच्या तीन वर्षी पाठवून झाले होते, म्हणून गोपिकेचं ते पाठीचं चित्र बाहेर काढलं आणि त्याच्यावर हात फिरवायला बसलो. पोरांच्या चित्रावर मास्तरानं हात फिरवणं ही तेव्हा सगळ्याच शाळांतली रीत होती. स्पर्धा पोरांच्या नावानं व्हायची आणि मास्तरामास्तरांत लागायची. मी उजवी बाजू पूर्ण खोडली. खांदा, पाठीचं हाड, दंड, सगळं. मग कण्यावरून कागद मोडला, खिशातून चमचा काढला आणि घासलं. गोपिका टेबलाशी उभी राहून बघत होती. वीस मिनिटं लागली असतील. कागद उलगडून फिकट रेघांवर पेन्सिल फिरवली तेव्हा दोन्ही खांदे एका रेषेत आले होते. मागच्या सहावर काट मारून मी नऊ केले. ते नऊ मी मलाच दिले होते.

चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे सगळं एकाच मुलीनं काढलं का?" मी छाती फुगवून हो म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि चहा प्यायला निघून गेले.

चित्र परत आल्यावर मी ते गोपिकेला द्यायला गेलो. तिनं हात पुढे केला नाही.

"तुमच्याकडेच राहू द्या, सर," ती म्हणाली.

मी चित्र छातीशी धरलं. एवढीशी पोर, आणि आपलं पहिलं चित्र गुरूला देऊन टाकते. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, ज्याला ऐकायला वेळ होता आणि ज्याला नव्हता अशा सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. दोन्ही वर्षं तिनं डोंगर, सूर्य, नदी आणि फुलदाणी काढली. सगळं मधोमध मोडलं तर सारखं यावं असं. मी प्रत्येक वेळी नऊ देत गेलो आणि म्हणत गेलो, पोरगी सुधारली.

मग ती दुसऱ्या शाळेत गेली, तिथून चित्रकलेच्या कॉलेजात, तिथून बडोद्याला. मुंबईत प्रदर्शन झालं, दिल्लीत झालं. पेपरात फोटो आला की मी तो कापून पाकिटात ठेवायचो आणि पानठेल्यावर म्हणायचो, "आमची गोपिका. पहिलं चित्र मला गुरुदक्षिणा दिलं होतं तिनं." दरवेळी गोष्ट थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर ती माझ्या पाया पडली होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

पंच्याऐंशी साली, मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, या थापा घरी चालत आल्या. सीताबर्डीवरच्या एका सभागृहात गोपिकेचं नागपुरातलं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं. तिथले चिटणीस मनोहरराव स्वतः मला भेटायला आले.

"सर, त्यांचं लहानपणीचं एकही चित्र त्यांच्याजवळ नाही. तुमच्याजवळ आहे, असं सगळा महाल सांगते. दाराजवळच पहिलं तेच लावू. अन् उद्घाटनाला त्यांचे पहिले गुरू म्हणून तुम्ही दोन शब्द बोलायचे."

मी आढेवेढे घेतले, म्हणजे दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा मनोहरराव विचारतील की नाही या भीतीनं लगेच हो म्हणालो. ते गेल्यावर माझी बायको चारुशीला हिनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढून दिली. सोळा वर्षं मी ते चित्र इतकं जपलं होतं, की एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

पाहिलं, आणि मी पलंगावर बसलोच. महिन्यापूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आधी दिसत नव्हतं ते आता दिसलं, असं डॉक्टरच्या नावावर खपवता आलं असतं. डाव्या बाजूला एक माणूस बसला होता. मानेपासून निघालेली रेघ खांद्याच्या हाडापाशी थांबली होती, तिथं पेन्सिल दाबली गेली होती आणि मग दंडावरून जवळजवळ नाहीशीच होत खाली आली होती. त्या माणसाची पाठ दुखते आहे हे समजत होतं. आता अंघोळ झाली, बरं वाटतं आहे, हेही समजत होतं. दहा वर्षांच्या मुलीनं हे कशाच्या जोरावर काढलं, मला आजही सांगता येणार नाही. मधोमध एक मोड होती, वरपासून खालपर्यंत. आणि उजव्या बाजूला मी होतो.

चारुशीलानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"अर्धी पाठ माणसाची अन् अर्धी माठाची काहून आहे?" तिनं विचारलं.

"ते वळण आहे," मी म्हणालो.

"हो ना. माठाला असतंच."

खोडलेल्या खांद्याची काही खूण राहिली असेल म्हणून मी कागद खिडकीशी धरला. मी तो घासून इतका पातळ केला होता, की पलीकडचं कॅलेंडर दिसलं. चार दिवसांनी हे चित्र दाराजवळ लागणार, शहरातले सगळे जाणकार त्याच्यापुढे उभे राहणार, आणि बाजूला मी, पहिला गुरू, हार घालून. तेव्हा मी काय ठरवलं असेल? खरं सांगायचं? छे. एकतीस वर्षं लोकांची चित्रं दुरुस्त केली, तर आपली एक दुरुस्ती दुरुस्त करून टाकू, असं ठरवलं. उजवा खांदा पुन्हा खाली आणायचा, तिच्या हाताचा वाटेल असा. फक्त तो नेमका किती खाली होता हे मला माहीत नव्हतं. ते बघायला दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल काढून मी मस्कासाथला मारोतरावांच्या घरी गेलो.

मारोतराव उंबऱ्यावरच बसले होते. साठी उलटलेली, काम सुटलेलं. मला पाहून उठले, आत जाऊन खुर्ची घेऊन आले. मी म्हणालो, सहज आलो. हातात ड्रॉइंग बोर्ड घेऊन कोणी सहज येत नाही, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मारोतराव, जरा बंडी काढून पाठमोरे बसता का? एक चित्र काढायचं आहे."

"माहं? काहून सर?"

"असंच. हात मोकळा व्हायला."

ते बंडी काढून उंबऱ्यावर गल्लीकडे तोंड करून बसले. मी मागे खुर्चीवर. आणि माझ्या हातानं पहिली गोष्ट केली ती मधोमध उभी रेघ मारण्याची. ती खोडली. पुन्हा सुरुवात केली. डोळ्यांसमोर उजवा खांदा उतरता दिसत होता, त्याच्यावर जुन्या वहाणेसारखी काळी, जाड झालेली कातडी होती, आणि कागदावर खांदा सरळ येत होता. दुसरा कागद घेतला, पुन्हा सरळ. तिसऱ्यात खांदा खाली आणायचा म्हणून आणला, तर तोल जाऊन डावाही खाली आला. एकतीस वर्षांत मी समोर माणूस बसवून एकदाही चित्र काढलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"सर, ते पोरीचं चित्र हाये काय तुमच्यापाशी अजून? माह्या पाठीचं?" मारोतरावांनी गल्लीकडे बघत विचारलं.

"आहे."

"मले त चित्रातलं काही समजत नाही. पन पोरगी त्या रोजी घरी आली अन् म्हनली, बाबा, सरनं तुमचा खांदा सरळ केला. मी म्हनलं, सरनं केला म्हंजे तसाच पाह्यजे असन. शिकेल मानूस हाये. आपलंच काही चुकून राह्यलं असन." ते हसले. पाठ हलली. "मंग आठ रोज मी खांदा सरळ धरून चालून पाह्यलं. पोतं बी डाव्या खांद्यावर घ्याले लागलो. मुकादम म्हने, मारोती, काहून नवरदेवावानी चालून राह्यला गा?"

मी पेन्सिल कागदावर टेकवून बसलो होतो.

"आठव्या रोजी तुरीचं पोतं घेऊन खाली आलो. जास्त नाही लागलं. पोतं फाटलं, तूर सांडली. मुकादमानं दोन शिव्या देल्ल्या. मंग सोडून देल्लं ते. म्हनलं आपला खांदा आता चित्रात सरळ हाये, तेवढं बस झालं."

"गोपिकेला माहीत आहे हे?"

"नाही सांगतलं. लहान होती. तिले वाटलं असतं, तिच्या चित्रानं झालं." मग म्हणाले, "तिनं मंग मले कधी बस म्हनलं नाही. काढे, पन चोरून. मले पाठीवर समजे."

त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून बरं झालं. मला रडू आलं. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर, डोळ्याचं ऑपरेशन झालेला, डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलेला, मस्कासाथच्या गल्लीत भर दुपारी नाक पुसत बसलो. पोरांच्या वहीतल्या रेघा मी जन्मभर सरळ केल्या. त्यापायी एक माणूस पोतं घेऊन पडला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. "झालं का सर?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तिसरा कागद गुंडाळून पिशवीत टाकला आणि हो म्हणालो.

घरी आल्यावर गोपिकेच्या चित्राला मी हात लावला नाही. चारुशीलाला सगळं सांगितलं. ती नेहमीप्रमाणे काही तरी टोचून बोलेल म्हणून वाट पाहिली. ती उठली, माझ्या विजारीच्या खिशातून चमचा काढला, घासला आणि स्वयंपाकघरात बाकीच्या चमच्यांत ठेवून दिला.

मग मी एका पुठ्ठ्यावर चांगल्या अक्षरात लिहिलं: 'डावी बाजू, गोपिका, वय वर्षे दहा. उजवी बाजू, वि. ना. पांढरीपांडे, ड्रॉइंग मास्तर. मूळ उजवी बाजू बरोबर होती. ती मी खोडली.' भाषणाची चार पानं फाडून टाकली. त्यांतल्या एका परिच्छेदाचं मात्र वाईट वाटलं, त्यात शिल्पकार आणि दगड असं काही तरी छान जमलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी मनोहररावांनी पुठ्ठा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर, हे काय लिहून ठेवलं? काढून टाकतो मी. कोणाला समजणार आहे?"

"राहू द्या. समजायला पाहिजे," मी म्हणालो. बोलायला उभा राहिलो तेव्हा पुठ्ठ्यावरचंच वाचून दाखवलं आणि खाली बसलो. टाळ्या वाजवाव्या की नाही हे लोकांना ठरवता येईना. मागच्या रांगेत माझे पानठेल्यावरचे दोघे बसले होते. ते एकमेकांकडे बघत होते.

सगळे आत गेल्यावर गोपिका दाराजवळच्या चित्रापाशी आली. सोबत मारोतराव, पांढरा सदरा घालून, सदऱ्याची उजवी बाजू उतरलेली. ती शाळा सोडून गेल्यापासून मी तिला पेपराबाहेर पाहिलं नव्हतं. तिनं पुठ्ठा वाचला. मग चित्राकडे पाहिलं, बराच वेळ. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

मारोतरावांनी दोन्ही बाजूंवर बोट ठेवून दाखवलं. "हा खांदा माहा. अन् हा सरचा."

"बाबा म्हणाले, तुम्ही घरी येऊन काढलं त्यांना," ती मला म्हणाली. "कुठं आहे?"

नाही म्हणायची सोय नव्हती. तो गुंडाळलेला तिसरा कागद पिशवीतच होता. मी दिला. तिनं उलगडला. वडिलांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. मला कळेना काय हवं आहे. मग लक्षात आलं आणि मी खिशातली पेन्सिल काढून दिली. तिनं कागद उलटा केला, भिंतीवर धरला आणि मागे लिहिलं. लिहून परत दिला तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं. डोळे भरलेले होते.

मी चष्मा लावून वाचलं. 'दहापैकी चार. खांदे समान आहेत. पुन्हा काढा.'

मारोतरावांनी काय लिहिलं म्हणून विचारलं. तिनं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"रविवारी या मंग, सर," ते म्हणाले. "मी बंडी काढून बसतो."